पेन्सिलीखालचा गाल

ताई मागच्या दाराने आली. पुढचं दार सताड उघडं होतं, सामानाची खोकी पार फुटपाथपर्यंत लागली होती, तरी ती वळसा घालून, मागच्या अरुंद बोळातून डार्करूमच्या पायरीशी येऊन उभी राहिली. लग्न करून गेल्यापासून ती बाबांच्या फोटो-स्टुडिओत अशीच यायची. पुढून यायचं तर शोकेसवरून यावं लागे, आणि शोकेसमध्ये आई होती.

“काढली का तिला तिथून?” चपला काढता काढता तिने विचारलं.

“सकाळीच,” धाकटी म्हणाली. “आत टेबलावर आहे. पालथी ठेवलीय.”

“एवढी वर्षं ताठ बसून पाठ दुखली असेल तिची,” ताई म्हणाली.

इमारत पाडायला घेणार होते. बाबा होते तोवर मालकाने तोंड उघडलं नव्हतं; ते गेले आणि हिवाळा सरायच्या आत निरोप आला. फोटोंच्या जुन्या निगेटिव्ह काचा संध्याकाळी काचवाला नेणार होता. तो त्या गरम पाण्यात उकळून त्यांच्यावरची माणसं काढून टाकणार आणि स्वच्छ काच खिडक्यांना लावणार. उद्यापासून नळ बंद. म्हणजे डार्करूममध्ये काही करायचं असेल तर ते आज.

धाकटीला करायचं होतं. ताईला तिने बोलावलं होतं ते सामान बांधायला, पण सामान तर तिने आणि काकांनी मिळून कधीच बांधून टाकलं होतं. तिला आईचा चेहरा बघायचा होता. आई गेली तेव्हा ती रांगतही नव्हती. तिच्या वाट्याला आलेली आई म्हणजे शोकेसमधल्या फोटोतली बाई. लांबट गोल चौकटीत छातीपर्यंतची, कडांना विरत विरत कागदाच्या पांढऱ्यात नाहीशी होणारी, काचेवर कोणी हळूच श्वास सोडावा तशी. वरच्या उत्तरेच्या खिडकीतला उजेड कपाळावरून गालावर उतरलेला. गाल शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा, एक सुरकुती नाही, एक ठिपका नाही. डोळ्यांत उजेडाचा एकेक कण. अंगावरचे कपडे काळेभोर. आणि कागद जुना होत गेला तशी त्या काळ्यातली चांदी वर आली होती. तिरकं पाहिलं की तिथे आरशासारखं चमकायचं. लहानपणी धाकटी शोकेसपुढे मान वाकडी करून उभी राहायची. एका ठरावीक कोनातून आईच्या छातीपाशी तिला स्वतःचं तोंड दिसायचं.

त्या गालावर खरं तर एक डाग होता. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि बाबांपुढे कोणी ते बोलत नसे. बाबांनी तो पेन्सिलीने घालवला होता.

दादा पुढच्या खोलीत बाबांच्या मेजाशी बसला होता. उतरत्या लाकडी फळीला मध्ये खिडकी, खिडकीत काच ठेवायची, खालच्या आरशातून उजेड वर घ्यायचा आणि टोकदार पेन्सिलीने काचेवरच्या चेहऱ्यावर काम करायचं. बाबा आयुष्यभर इथे बसले, मग दादा बसला. आत्ताही खिडकीत आईची काच होती आणि दादा नुसता तिच्याकडे बघत होता. कोपऱ्यात गुंडाळलेल्या रंगीत पडद्यावर काका बसले होते. स्टुडिओतले मागचे पडदे, म्हणजे ते तलाव, ते कठडे, ते सदा संध्याकाळचं आभाळ, सगळं काकांच्या हातचं. म्हणून त्यांना सगळे पडदेकाका म्हणत.

“या,” काका ताईला म्हणाले. “तलावावर बसलोय, सांभाळून. पोपडे निघतायत.”

ताई बसली नाही. “हीच का ती काच?”

“हीच,” दादा म्हणाला. “ही मी नेतोय. नव्या दुकानात याच खिडकीत लावणार, मागून दिवा सोडून. लोकांना कळू दे हात काय असतो ते. बाबांच्या हातची अशी दुसरी काच नाही.”

त्याने फळी किंचित तिरकी केली, आणि धाकटीला ते दिसलं. गालाच्या जागी पेन्सिलीच्या रेघा मंद चमकत होत्या. रेघा तरी कशा म्हणायच्या, मुंगीच्या पायांएवढ्या वळणदार खुणा, शेकड्यांनी, एकीत एक गुंतलेल्या. बाबा बोलत कमी आणि लिहीत तर त्याहून कमी. त्यांच्या मागे राहिलेलं असं एवढंच.

आज बोललं नाही तर कधीच नाही.

“दादा, ते पुसूया का?”

“काय पुसूया?”

“पेन्सिल. टर्पेंटाइनने निघेल. खाली काच जशीच्या तशी आहे, बाबांनी सुरीने खरवडलेलं नाही. मी एक प्रिंट काढते. मला तिला एकदा बघायचंय.”

दादा वळून तिच्याकडे बघत राहिला. “डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“आहे,” ताई म्हणाली. “तिचंच आहे. पूस गं.”

“तू मध्ये पडू नकोस. इतक्या वर्षांत पुढच्या दाराने आली नाहीस, आणि आज एकदम पुसायला निघालीस?”

“त्या दारात जी बसवून ठेवली होती ती माझी आई नव्हती, म्हणून नाही आले. लोक येऊन म्हणायचे, आम्हाला यांच्यासारखं करा. कोणासारखं? ती बाई जन्माला तरी आली होती का?”

“बाबांनी प्रेमाने केलंय ते!”

“प्रेमाने केलंय हे मला माहीत आहे. तिच्यासारखं नाही झालं, एवढंच म्हणतेय मी.”

“काका, तुम्ही तरी सांगा हिला.”

काकांनी पडद्यावरचा एक निळा पोपडा नखाने उचलला. “मी दादाच्या बाजूने आहे. हात पुसू नये कोणाचा. फोटोत तुमच्या बापाचा हात दिसतच नाही, आणि दिसला असता तर काम वाया गेलं असतं. दिसतो तो फक्त त्या काचेवर.” मग त्यांनी तो पोपडा चुरगळला. “पण डागाचं म्हणाल, तर तो का घालवला ते तुमच्यापैकी कोणाला ठाऊक नसेल.”

“लाज वाटली असेल,” ताई म्हणाली.

“छे. त्या वेळच्या काचांना तांबडं कळायचं नाही गं. निळं त्यांना पांढऱ्याइतकंच उजळ दिसायचं, म्हणून माझं आभाळ नेहमी कोरं यायचं. एवढा निळा ओतायचो मी, सगळा फुकट. आणि तांबडं यायचं काळं. वहिनीचा डाग तसा फिकट, गुलाबी. रागावली की जरा गडद व्हायचा, तेवढाच. पहिला कागद धुऊन वर आला तर तोंडावर शाई सांडल्यासारखं. वहिनीने बघितलं आणि म्हणाली, हे माझं नाही. मग त्याने पेन्सिल घेतली. बरेच दिवस बसला. दुसरा कागद दाखवला तर ती बराच वेळ बघत राहिली, आणि म्हणाली, हीसुद्धा मी नव्हे, पण दिसायला बरी आहे. हिला ठेवा दुकानात, मी बसते घरात.” काका हसायला गेले आणि हसू तोंडातच राहिलं. “त्याच वर्षी गेली. मग ही एकटीच उरली.”

बाहेर कोणीतरी खोकं ओढत होतं.

“आणि ते कपडेसुद्धा काळे नव्हते,” ताई म्हणाली. “तांबडे होते. तिचे आवडते.”

धाकटी हे पहिल्यांदाच ऐकत होती. आई सुतकातल्यासारखी का बसली आहे, हा प्रश्न तिने लहानपणी अनेकदा मनात विचारला होता. मोठ्याने कधीच नाही.

“बरं, तांबडे तर तांबडे,” दादा म्हणाला. “पण तुम्ही दोघी असं बोलताय जसं काही मला आठवतच नाही. मी काही तान्हा नव्हतो. मला तिचा चेहरा लख्ख आठवतो, डागासकट. मला पुसून बघायची गरज नाही. डाव्या गालावर, डोळ्याखाली.”

“उजव्या,” ताई म्हणाली.

“डाव्या.”

“तिच्या डाव्या का तुझ्या डाव्या?”

“तिच्या! एवढं कळतं मला.”

“अरे, मी तिच्या उजव्या कुशीला झोपायचे. सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच दिसायचं. तू भिंतीकडच्या बाजूला असायचास, लाथा मारत.”

“काका?”

“मला विचारू नका,” काका म्हणाले. “मी पडदे रंगवायचो. माणसं माझ्याकडे पाठ करून बसायची.”

“डाव्याच,” दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “मी सांगतो ना. मला दिसतोय आत्ता. आजूबाजूचा गाल सावळा आणि तेवढाच तो उजळ, अगदी काचेसारखा, आरपार—”

तो बोलता बोलता थांबला.

धाकटीला ते त्याच्या आधी कळलं होतं. एवढी वर्षं छपाई तीच करत होती. काचेवर सगळं उलटं असतं: कागदावर जे काळं उमटायचं ते काचेवर निर्मळ, उजेड जाऊ देणारं, आणि जे उजळ उमटायचं ते काचेवर दाट. आणि पेन्सिल धरणारा ज्या बाजूने काम करतो, त्या बाजूने डाव्याचं उजवं झालेलं असतं. दादा तेव्हा त्या मेजाच्या उंचीचा असेल. बाबा बरेच दिवस बसले होते. तो त्यांच्या कोपराशी उभा राहून ही काचच बघत राहिला असेल, कारण आई नुकतीच आजारी पडली होती आणि मुलांना तिच्या खोलीत सोडत नव्हते.

तिने खाली मान घातली. आपण बोलायचं नाही, असं तिने ठरवलं. पण ताई ठरवून गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

“उजळ?” ताई हळू म्हणाली. “अरे, डाग उजळ कसा असेल?”

दादाने काचेकडे बघितलं. तिथे एक सावळी बाई होती, पांढऱ्या केसांची, डोळ्यांत उजेडाऐवजी काळा कण असलेली. तिच्या डाव्या गालावर पेन्सिलीचं दाट जाळं होतं. त्याने काच उचलली, उलटी करून उजेडाकडे धरली. जाळं उजव्या गालावर गेलं. त्याने ती परत वळवली. पुन्हा उलटी केली. काका उठून त्याच्या जवळ गेले, पण खांद्यावर हात ठेवायचा की नाही हे त्यांना ठरवता येईना.

“मी जेवताना बघायचो तिच्याकडे,” दादा म्हणाला. “समोर बसून. ते तरी खरं असेल ना?”

“असेल की,” ताई म्हणाली. “तू समोरच बसायचास. सांडायचास.”

“काय सांडायचो?”

“सगळंच.”

तो जरासा हसला. मग काच मेजाच्या खिडकीत परत ठेवून म्हणाला, “बाटली कुठे बांधलीस?”

“दादा, नको,” धाकटी म्हणाली. आता तिलाच भीती वाटायला लागली होती. “राहू दे. बाबांचं आहे ते.”

“म्हणूनच दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आण.”

काकांनी तोंड फिरवलं आणि पडद्यावर जाऊन बसले. “मी आता कोणाच्याच बाजूने नाही,” ते म्हणाले.

दादाने कापसाचा बोळा ओला केला, पिळला, आणि गालाच्या कडेपासून सुरुवात केली. तो घासत नव्हता. नुसता टेकवायचा, उचलायचा, बघायचा. बोळ्यावर राखाडी डाग येत होता. पहिला बोळा त्याने टाकला नाही. कागदाच्या कपट्यात गुंडाळून खिशात ठेवला. मग दुसरा घेतला. टर्पेंटाइनचा वास खोलीभर झाला, बाबांच्या सदऱ्यांना यायचा तसा. कपाळावरचंही जाळं गेलं, डोळ्यांखालचं गेलं, मानेवरचं गेलं. काच सुकल्यावर त्याने ती धाकटीच्या हातात दिली आणि बाटलीचं झाकण लावत बसला, ते आधीच लागलेलं असताना.

डार्करूममध्ये दोघींनाच उभं राहण्यापुरती जागा होती. धाकटीने पिवळा दिवा लावला, चौकटीत काच बसवली, तिच्यावर कागद दाबला, उलटी करून वरच्या बल्बखाली ठेवली. उजेड दिला, बंद केला. कागद पाण्यात सोडावा तसा औषधात सोडला आणि तबक हलवत राहिली.

आधी कपडे आले. मग केस. मग डोळे, एकदम, जसे नेहमी येतात, चेहऱ्याच्या आधी. आणि मग गाल येत असतानाच त्याच्यावर एक काळा धब्बा वर येत गेला, थांबेचना.

ताईने तोंडावर हात ठेवला. “इतका काळा नव्हता गं.”

“माहीत आहे. काका म्हणाले ना.”

“हे तर कोणीतरी मारल्यासारखं दिसतंय.”

पण धाकटी धब्ब्याकडे बघत नव्हती. डोळ्यांखाली वळ्या होत्या. एक भुवई मध्येच जरा विस्कटलेली. ओठांच्या कोपऱ्याशी एक घडी, हसू दाबल्याची किंवा दमल्याची. मान हलू नये म्हणून मागून लावलेल्या लोखंडी चिमट्यामुळे ती अवघडून बसली आहे, हेसुद्धा दिसत होतं. ही बाई थकलेली होती. शोकेसमधली कधीच थकली नव्हती.

“ताई, थांब. मी तो हलका करते.”

“पुन्हा पेन्सिल?”

“नाही. हाताने. उजेड पडत असताना तेवढ्या जागेवर बोटाची सावली धरायची, मग तिथे कमी काळं येतं. तू फक्त सांग किती. तुलाच ठाऊक आहे.”

दुसरा कागद. बल्ब लागला, आणि धाकटीने अनामिका काचेच्या वर, अगदी जवळ धरून हलकेच फिरवत ठेवली, सावलीला कड पडू नये म्हणून. बोटाची सावली आईच्या गालावर होती. तिच्या मनात आलं, आपण हिला कधी शिवलो असू. हात लांब करून, नाक ओढून, गाल चिमटून, तान्ही मुलं करतात तसं. त्यातलं काहीच आपल्यापाशी नाही. ही सावली तेवढी आहे.

“अजून हलका,” ताई म्हणाली.

तिसरा. “आता फार झाला. नाहीसाच झाला.”

चौथा. “हं… असाच काहीसा. नाही, खालच्या बाजूला जास्त होता. डोळ्याशी कमी.”

पाचवा, सहावा. धाकटीच्या बोटाला आता बल्बची ऊब लागत होती. कागद तबकातून तबकात जात होते, पाण्याखाली एकाशेजारी एक पडत होते. एकच बाई, एकच थकलेली नजर, आणि गालावरचा अंधार कमी-जास्त. धाकटीने बाहेर आवाज देऊन दार उघडलं, दिवसाचा उजेड आत आला. दादा दारात येऊन उभा राहिला. त्याच्या मागे काका.

“कुठली?” धाकटीने विचारलं. “ताई, यातली कुठली?”

ताई वाकली. एकीवरून दुसरीवर, परत पहिलीवर. तिने एका कागदावर बोट ठेवलं, उचललं, शेजारच्यावर नेलं. पाणी हललं की सगळ्या जणी हलत होत्या.

“ही…” ती म्हणाली. “नाही. थांब हं.” तिने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी ती बराच वेळ उभी राहिली. उघडले तेव्हा तिचा चेहरा बदलला होता. “मघाशी ठाऊक होतं गं मला. दारातून आले तेव्हा ठाऊक होतं. आता डोळे मिटले की याच दिसतायत.”

धाकटीचे ओले हात तसेच हवेत राहिले. जे एकाच माणसापाशी उरलं होतं ते तिने मागितलं होतं, आणि मागता मागता तेही गेलं होतं. तिला माफी मागायची होती.

“मी नको म्हणत होतो,” काका कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाले. दादाने त्यांचा दंड धरला.

ताईने अंधारात चाचपडावं तसा हात पुढे केला. तिची बोटं धाकटीच्या उजव्या गालाला लागली. तिने तळवा पूर्ण टेकवला, मग उचलून थोडा खाली सरकवला, मग करंगळी दुमडली.

“तिथली कातडी ऊन असायची,” ती म्हणाली. “बाकीच्या गालापेक्षा. थंडीच्या दिवसांत मी हात तिथेच ठेवायचे, तिला राग येईपर्यंत. तेव्हा माझा तळवा पुरायचा नाही. इथून सुरू व्हायचा… आणि इथे, या हाडापाशी…”

तिची बोटं धाकटीच्या गालावर कड शोधत फिरत होती. दादा दारातून बघत होता, श्वास रोखून, लहानपणी मेजाच्या कडेशी उभा राहून बघितलं असेल तसा. तबकात पाणी टपटपत होतं. धाकटीला रडू फुटत होतं, आणि तिची हनुवटी थरथरायला लागली.

“हलू नकोस,” ताई म्हणाली.

आणि धाकटीने, या खोलीबाहेरच्या खुर्चीवर फोटोसाठी बसून गेलेल्या सगळ्या माणसांसारखी, नजर समोर ठेवली, श्वास आत घेतला, आणि ती हलली नाही.